एका ओळीत दोनच रंग: शेटलंडमधले लोकरीचे दिवस

शनिवार, ॲबर्डीन

विणकामाचे नमुने तयार करणाऱ्या डिझायनर मंडळींना विचारा, हे सुचतं कुठून? उत्तर ठरलेलं: निसर्गातून. समुद्र, शेवाळ, ढग, पक्ष्यांची अंडी. सोबतचा फोटोही ठरलेला असतो. नवा स्वेटर घातलेली मुलगी कड्यावर उभी आणि केस वाऱ्यावर. मला हे उत्तर कधी पुरलेलं नाही. समुद्र रत्नागिरीलाही आहे, तिथे कुणी त्याची वीण बसवली नाही. मग विणकामासाठी नावाजलेल्या शेटलंडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांच्या, समुद्रातच असं काय आहे?

ते बघायलाच निघालो, मी आणि मावशी. भाची ॲबर्डीनला नोकरी करते, तिच्याकडे आलोच होतो. मावशीने आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाचं टोपरं विणलंय आणि महाबळेश्वरच्या सहलीसाठी प्रत्येक पुरुषाची माकडटोपी. आजवर तिने छापील नमुना कधी वापरलेला नाही. "बघितलं की येतं," एवढंच ती म्हणते.

बोट संध्याकाळी सातला सुटते आणि सकाळी साडेसातच्या सुमारास शेटलंडच्या लर्विक गावी लागते. सप्टेंबर संपत आला की इथे लोकर सप्ताह भरतो. २०१० साली सुरू झालेला हा उत्सव आता जगभरातल्या विणणाऱ्यांची वारी झालाय. बोटीच्या बैठकीत जिकडे बघावं तिकडे सुया चालू. मावशीने चष्मा नाकावर घेऊन सगळ्यांच्या हातातलं काम न्याहाळलं आणि खुर्चीत स्थिरावताना निकाल दिला, "हात बरे आहेत यांचे."

रात्री समुद्र चांगलाच उसळला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, लर्विक

उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे झाडं नाहीत. कुणीतरी मुद्दाम लावून जपलेली चार सोडली तर सगळी उघडी हिरवी-तपकिरी जमीन, दगडी कुंपणं, मेंढ्या आणि वारा. हे मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढे झाडांचा विषय परत निघणार आहे.

सामान टाकून थेट हेज डॉकवरचं संग्रहालय गाठलं. २००७ साली उघडलेली ही इमारत बंदराच्या पाण्यालगत आहे. मला बघायचा होता गनिस्टरचा माणूस. १९५१ साली गनिस्टर भागात जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली कुजून घट्ट झालेली माती, खणताना एका माणसाचे अवशेष सापडले. हाडं जवळपास विरघळलेली, पण अंगावरची लोकर शाबूत. कोट, टोप्या, मोजे, हातमोजे आणि विणलेली एक छोटी थैली. थैलीत होती हॉलंड आणि स्वीडनची नाणी, १६८०-९०च्या दशकातली. म्हणजे हा माणूस साधारण १७००च्या आसपास गेला. थैली करड्या लोकरीची असून तिच्यावर लाल-पांढऱ्या नक्षीचे पट्टे आहेत. शेटलंडमध्ये सापडलेलं रंगीत विणकाम यापेक्षा जुनं नाही. मूळ वस्तू एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतात, इथे आहेत त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती.

मी काचेला नाक लावून बघत राहिले. थैलीवर ना लाट, ना पक्षी. ठिपके, चौकटी, पायऱ्या. दोन रंग आळीपाळीने आणले की जे आपोआप तयार होतं तेच. आणि हा माणूस इथलाच होता की कुठून आलेला, हेही ठरलेलं नाही. इथल्या रंगीत विणकामाचा पहिला पुरावा आहे तो असा, परदेशी नाण्यांसकट कुणाच्यातरी खिशात.

दुपारी चालत ग्रेमिस्टाच्या बॉडकडे गेलो. बॉड म्हणजे मासळीच्या धंद्यासाठी बांधलेलं दगडी घर, त्यात आता वस्त्रसंग्रहालय आहे. याच घरात १७९२ साली आर्थर अँडरसनचा जन्म झाला. मुंबईकरांचं त्याच्याशी जुनं नातं आहे, कारण ज्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींनी आपली कित्येक मंडळी विलायतेला गेली, तिच्या संस्थापकांपैकी तो एक. १८३७ साली याच माणसाने राणी व्हिक्टोरियाला शेटलंडच्या बारीक जाळीचे पायमोजे भेट दिले आणि या जाळीला मोठ्या घरांतून मागणी सुरू झाली.

"म्हणजे जाहिरातच की," मावशी म्हणाली.

जाहिरातच. तिचा फायदा विणणारीला किती झाला, तो भाग वेगळा. व्यापारी तिला पैसे न देता चहा आणि कापड द्यायचे. या प्रकाराची सरकारी चौकशी झाली १८७२ साली. दुकानदाराला जी नक्षी खपणारी वाटेल तीच विणायची, कारण चहापत्ती त्याच्याकडे. नमुना कुठून सुचतो, या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे, पण ते कुणी फोटोखाली छापत नाही.

सोमवार, लर्विक

सकाळी जेमिसन अँड स्मिथच्या नॉर्थ रोडवरच्या दुकानात. पुढे रंगांच्या भिंती, मागे वखार. बेटांवरचे शेतकरी मेंढ्यांची कातरलेली लोकर इथे आणून घालतात आणि ती हाताने चाचपून प्रतीनुसार वेगळी केली जाते. ऑलिव्हर हेन्री या गृहस्थांनी १९६०च्या दशकापासून हेच काम केलं. २०१९ साली लोकर सप्ताहाचं मानाचं यजमानपद त्यांना मिळालं, ते मला फार आवडलं. नक्षीच्या आधी लोकर बघणारा माणूस लागतो.

दर वर्षी सप्ताहासाठी एका टोपीचा नमुना प्रसिद्ध होतो. लोक ती आधीच विणून, डोक्यावर घालूनच येतात. त्यामुळे रस्त्यावर चालताना वर्षं ओळखता येतात. डोना स्मिथ यांची २०१५ची 'बाबल हॅट', तिच्यावर गोलाकार मेंढ्यांची रांग. एला गॉर्डन यांची २०१६ची 'क्रॉफ्टहूस हॅट', तिच्यावर शेतकऱ्यांची बसकी घरं. २०१८ साली एलिझाबेथ जॉन्स्टन यांनी टोपीला उत्तर ध्रुवीय प्रकाशाचं इथलं नाव दिलं, 'मेरी डान्सर्स'. यातली घरांची टोपी नीट बघण्यासारखी आहे. दार, खिडकी, छप्पर, धुराडं, सगळं मोजक्या टाक्यांत. बाईंना जुने शेटलंडी स्वेटर जमवायचा नाद आहे आणि तो टोपीत दिसतो. घर तर कुणीही काढेल. ते कुठे थांबवायचं आणि दोन घरांमध्ये किती जागा सोडायची, ही समज जुने स्वेटर हाताळूनच येते.

दुकानात न रंगवलेल्या लोकरीचा वेगळा कप्पा आहे. शेटलंडच्या मेंढ्या पांढऱ्या, करड्या, काळ्या, बदामी, तांबूस अशा कितीतरी रंगांत येतात आणि प्रत्येक छटेला इथे स्वतंत्र नाव आहे. तांबूस-तपकिरी ती मूरिट, गडद करडी ती शेला. डिझायनर केट डेव्हिस यांचं 'रॅम्स अँड यौज' हे मेंढ्यांचं पांघरूण अशा नऊ नैसर्गिक छटांतच बसवलेलं आहे. त्यांनी आधी लोकर समोर ठेवली आणि चित्र मागून आलं, असं ते बघताना वाटतं. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची घोंगडी अशीच न रंगवता होते आणि तिच्या काठाची नक्षी मेंढीच्या दोन-तीन रंगांतच भागवावी लागते. मावशीने मूरिटची लडी गालाला लावून बघितली. "टोचत नाही," ती म्हणाली. थोडं टोचत होतं.

दुपारी वर्ग होता, विषय स्टीक. फेअर आयल हे शेटलंडचंच एक छोटं बेट, त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगीत नक्षीच्या पद्धतीचा स्वेटर गोल विणतात, नळीसारखा, म्हणजे नक्षी सतत डोळ्यांसमोर राहते आणि उलट बाजूने रंग सांभाळत बसावं लागत नाही. पण मग बाही कुठून काढायची? तर त्या जागी काही जास्तीचे टाके घालून नळी तशीच पुढे विणत न्यायची आणि शेवटी कात्रीने ते टाके मधोमध उभे कापायचे. शिकवणाऱ्या बाईंनी बोलता बोलता कात्री चालवली. मावशीने माझा दंड पकडला. "अगं, उसवेल सगळं!"

उसवलं नाही. शेटलंडची लोकर चिवट, केसाळ. टाके एकमेकांना धरून बसतात. गुळगुळीत सुतावर किंवा आपल्याकडच्या ॲक्रिलिकवर हा प्रयोग करू नये, हे बाईंनी दोनदा सांगितलं.

मग आलं गणित, आणि माझ्यासाठी सगळ्या प्रवासात हीच बैठक मोलाची ठरली. फेअर आयलचा कायदा असा: एका ओळीत दोनच रंग. जो रंग पुढे दिसत नाही त्याचा दोरा मागून न्यायचा. तो फार टाके मोकळा गेला तर मागे फासे लोंबतात, बोटं अडकतात. म्हणून एका रंगाचे सलग टाके पाच-सहापर्यंतच ठेवायचे. तिरकी रेषा सोपी, कारण प्रत्येक ओळीत रंग एक टाका सरकतो, हाताला लक्षात राहतं. डावी-उजवी बाजू सारखी असली की अर्धीच नक्षी पाठ करावी लागते. आणि एका नक्षीचे टाके २४ असतील तर तिच्या वर-खाली २, ३, ४, ६, ८, १२ टाक्यांच्या बारीक नक्ष्या बिनबोभाट बसतात. हे सगळे नियम पाळून कागदावर चौकटी भरायला घ्या. समोर फुली येते, पतंग येतो, षट्कोन येतो, चांदणी येते. निसर्ग अजून खोलीत आलेलाही नसतो.

बाईंच्या कमरेला घोड्याचे केस भरलेला, भोकांचा चामडी पट्टा होता. उजव्या सुईचं टोक त्या भोकात खोचलं की सुई आपोआप पेलली जाते आणि हात मोकळा पळतो. पूर्वी बायका पाठीवर पीटची टोपली घेऊन चालता चालता अशा विणायच्या. शेटलंडच्याच हेझल टिंडल यांनी २००८ साली तीन मिनिटांत २६२ टाके विणून जगात सर्वांत वेगवान विणणारीचा मान मिळवला. मावशीने रात्री खोलीवर घड्याळ लावलं. किती झाले ते तिने सांगितलं नाही.

मंगळवार, सँडनेस आणि स्कॅलोवे

पश्चिमेकडे सँडनेसला जेमिसन्सची सूतगिरणी आहे. वाटेत पाऊस, ऊन, पुन्हा पाऊस. गिरणीत यंत्रांची घरघर आणि ओल्या मेंढीचा वास. लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळ्या रंगांचे तंतू एकत्र पिंजतात, मग कातणी. म्हणून लांबून जी लोकर हिरवी वाटते तिच्यात जवळून बघितलं तर पिवळा, निळा, थोडा तांबूसही सापडतो. त्यांच्या 'स्पिनड्रिफ्ट' लोकरीत दोनशेहून जास्त छटा आहेत.

इथे मला माझा आडमुठेपणा थोडा सैल करावा लागला. गिरणीबाहेर उभी राहून टेकडीकडे बघितलं तर हिरव्यात पिवळा होता, तपकिरीत जांभळा, आणि समुद्र एका बाजूला शिशासारखा तर दुसरीकडे दुधी. शेडकार्ड हातात धरलं आणि जुळत गेलं. आकार नसेल, पण रंग निसर्गातूनच उचललेत यात शंका नाही. तिथे भेटलेल्या एका तरुण डिझायनरने तिची पद्धत दाखवली. दगडफुलाचा फोटो काढायचा, त्यातले रंग लोकरीत शोधायचे, गुंडे शेजारी ठेवायचे आणि पुन्हा फोटो काढून मोबाइलवर काळा-पांढरा करायचा. दोन रंग एकाच करड्यात गेले तर नक्षी बुडणार, मग दगडफुलात ते कितीही शोभून दिसोत. तिने स्वतःचा लाल-हिरवा तुकडा असा दाखवला. रंगीत फोटोत झकास, काळ्या-पांढऱ्यात सपाट. डिझायनरला निसर्गापासून दूर जावं लागतं ते इथे.

परतताना स्कॅलोवे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नॉर्वे घेतल्यावर तिकडून बोटीने निसटलेले लोक शेटलंडला आले आणि इथून रात्रीच्या अंधारात हस्तक व शस्त्रं घेऊन मच्छीमार बोटी नॉर्वेला जात राहिल्या. 'शेटलंड बस' म्हणतात त्या वाहतुकीला. स्कॅलोवेच्या संग्रहालयात तिच्यावर मोठं दालन आहे. माझ्या कामाची गोष्ट अशी की आठ पाकळ्यांची मोठी नॉर्वेजियन चांदणी शेटलंडच्या स्वेटरांवर जोरात पसरली ती याच १९४०च्या दशकात. चांदणीच्या दोन्ही बाजूंना बहुधा एक सुबक झाड असतं. तीन दिवसांत मी एकही धड झाड बघितलं नव्हतं आणि दर तिसऱ्या स्वेटरवर झाड!

"आपण कुठे सगळ्यांनी मोर पाळलेत?" मावशी म्हणाली. तिच्या पैठणीच्या पदरावर चार आहेत.

बुधवार, फेअर आयल

टिंगवॉलच्या धावपट्टीवरून निघणारं विमान इतकं लहान की तोल सांभाळायला प्रत्येकाचं वजन विचारतात. मावशीने आकडा सांगायला साफ नकार दिला, मग काटा आणला गेला. साधारण पंचवीस मिनिटांत फेअर आयल. शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधोमध, लांबी जेमतेम पाच किलोमीटर, वस्ती पन्नासेक माणसांची. जगात कुठेही दोन रंगी स्वेटर दिसला की लोक ज्या बेटाचं नाव घेतात ते एवढंसं आहे.

वाटाड्याची गरजच नाही, एकच रस्ता. उत्तरेला एक दीपगृह, दक्षिणेला दुसरं, मध्ये मेंढ्या. वारा असा की मावशीचा पदर मी आणि ती दोघींनी मिळून धरला होता. (हो, नऊवारी नाही पण पाचवारीच, वर भाचीचं जाकीट. तिला सांगून काही उपयोग नसतो.)

फेअर आयलच्या नक्षीची एक लोकप्रिय दंतकथा आहे. १५८८ साली स्पॅनिश आरमाराचं 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज या बेटावर फुटलं. सुमारे ३०० माणसं कित्येक आठवडे इथे अडकली आणि त्यांनीच बायकांना ही नक्षी शिकवली, असं सांगतात. जहाज फुटलं हे खरं. नक्षीचा भाग मात्र कुठल्याच पुराव्यात बसत नाही. वेळ सांगता येईल असे फेअर आयलचे नमुने १९व्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे आहेत. पण गोष्ट विकली जाते. बुडालेलं जहाज, परदेशी खलाशी, बेटावरच्या मुली. त्यापुढे चौकटीची वही घेऊन बसलेली बाई कुणाला हवी?

खरी गोष्ट मला जास्त रंगतदार वाटते. बेटावरच्या छोट्या संग्रहालयात जुन्या टोप्यांचे रंग बघा. लाल, निळा, पिवळा, पांढरा आणि मेंढीचा तपकिरी. लाल मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा, निळा नीळ घालून. नीळ काही या थंड जमिनीत पिकत नाही, ती जहाजातून विकत यायची, आणि त्या शतकात नीळ म्हटलं की बंगालची शेतं आलीच. जहाजं बेटाजवळून जायची, बायका होड्यांतून त्यांच्याशी देवाणघेवाण करायच्या. जे रंग मिळाले त्यांचे पट्टे झाले. पाच रंग हाताशी, ओळीत दोनच चालतात, म्हणून दर काही ओळींनी जोडी बदलायची. फेअर आयलचा तो झळाळ निम्मा इथून आलाय.

बाकीचा निम्मा एका राजपुत्रामुळे. तोवर हे विणकाम टोप्या, मोजे, मफलर असं होतं. १९२१ साली लर्विकच्या एका कापड व्यापाऱ्याने प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे पुढे गादी सोडणाऱ्या आठव्या एडवर्डला, अंगभर नक्षीचा स्वेटर भेट दिला आणि राजपुत्र तो घालून गोल्फ खेळला. मग काय, विद्यापीठातल्या पोरांपासून सगळ्यांना तोच हवा. अंगभर नक्षी म्हणजे मोठे आकार आले, मोजमापं आली, खांद्यावर नक्षी जुळवणं आलं. आज डिझायनर ज्या अडचणी सोडवतात त्यातल्या कित्येक त्या गोल्फच्या मैदानातून सुरू झाल्या.

बेटावर आज विणणाऱ्यांत माती व्हेंट्रिलॉन यांचं नाव बाहेर जास्त माहीत आहे. शिक्षणाने वास्तुरचनाकार, २००७ साली इथे स्थायिक झाल्या. २०१५च्या डिसेंबरमध्ये शनेल या बड्या फॅशन कंपनीच्या रोममधल्या शोमध्ये त्यांच्या नमुन्यासारखे स्वेटर झळकले. काही महिने आधी त्याच कंपनीची माणसं बेटावर येऊन त्यांच्याकडून कपडे विकत घेऊन गेली होती. बाईंनी जाहीरपणे ते दाखवून दिलं. शनेलने माफी मागितली आणि श्रेय दिलं.

यावर परतीच्या विमानाची वाट बघताना आमची बरीच चर्चा झाली. मावशीचं म्हणणं, वीण कुणाच्या बापाची नसते. तिने स्वतः आयुष्यभर लोकलमधल्या बायकांच्या पाठीवरून नमुने उचललेत. खरं आहे. फुली आणि षट्कोन शेटलंडमध्येही शेजारणीकडूनच जायचे-यायचे. पण फुली कुणाची नसली तरी कुठल्या फुलीशेजारी काय ठेवायचं, पार्श्वभूमी कुठल्या ओळीला बदलायची, याचा क्रम एका माणसाच्या डोक्यातून उतरलेला असतो. शेजारीण तो घेते तेव्हा तिच्याकडचं एक आपल्याला मिळतं. कंपनी घेते तेव्हा काय मिळतं? "कांदा-लसणीची देवाणघेवाण वेगळी नि रेशनचं दुकान लुटणं वेगळं," असं म्हणून मावशीने आपलं म्हणणं मागे न घेता विषय संपवला.

गुरुवार, अनस्ट

दोन फेरीबोटी बदलून ब्रिटनच्या सर्वांत उत्तरेकडच्या वस्तीच्या बेटावर. येल बेट आम्ही जवळपास झोपेतच पार केलं. अनस्टमध्ये रस्त्याकडेला सोफा-पडदे लावून सजवलेला बसथांबा आहे. सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला.

हॅरल्ड्सविकच्या वारसा केंद्रात अनस्टची जाळी ठेवली आहे. लग्नाच्या अंगठीतून आरपार जाणाऱ्या शाली असं आपण वाचतो, मग प्रत्यक्ष बघितल्यावर लक्षात येतं की अंगठी हा फारच ढोबळ पुरावा आहे. मेंढीच्या मानेकडची सर्वांत मऊ लोकर कातरायची नाही, हाताने उपटायची, मग घरीच केसासारखी कातायची. विणून झालेली शाल हातात घेतली तर चुरगळलेला बोळा वाटेल. ती धुऊन लाकडी चौकटीवर ताणून वाळवली की मगच नक्षी उघडते. मावशी एका शालीपुढे इतका वेळ उभी राहिली की केंद्रातल्या बाईंनी तिला खुर्ची आणून दिली.

नक्ष्यांची नावं: लाटेचा ठसा, मांजराचा पंजा, पक्ष्याचा डोळा, देवदाराचं फळ. (पुन्हा झाड!) एक जुनी, सगळीकडे पसरलेली वीण तिथल्या बाईंनी समजावून दिली, 'ओल्ड शेल'. चार ओळींची नक्षी, त्यातल्या तीन ओळी साध्या. सगळा खेळ एका ओळीत. अठरा टाक्यांमध्ये आधी तीनदा दोन-दोन टाके एकत्र घ्यायचे, मग सहा वेळा दोरा पुढे घेऊन नवा टाका वाढवायचा, मग पुन्हा तीनदा दोन-दोन एकत्र. बस्स. जिथे टाके घटतात तिथे विणलेली पट्टी खाली ओढली जाते, जिथे वाढतात तिथे वर फुगते. दोन-तीनदा झालं की कडेला लाटा दिसायला लागतात. लाट कुणी काढलेली नाही, ती टाक्यांच्या ओढाताणीत आपली आपण उमटते. कुणीतरी ती बघितली, खिडकीबाहेर बघितलं आणि नाव दिलं.

माझ्या शनिवारच्या प्रश्नाला मला मिळालेलं सर्वांत चोख उत्तर हे. मावशीला ते नवीन नव्हतं. "आपल्याकडे ह्याला शिंपल्याची वीण म्हणायची माझी सासू. कडेने असा काठ येतोच." सासूबाई ती मिशनच्या शाळेत शिकल्या होत्या म्हणे.

शुक्रवार, दक्षिणेकडे आणि परत बोटीवर

शेवटच्या दिवशी गाडी दक्षिणेला. सेंट निनियन्स बेट मुख्य जमिनीशी वाळूच्या एका पट्ट्याने जोडलेलं आहे, पाचेकशे मीटर लांब, दोन्हीकडे समुद्र. दोन्ही बाजूंनी लाटा येतात आणि वाळूवर कालची ती वीण काढून जातात. मी फोटो काढला. आता मीही कड्यावर उभी राहून निसर्गाबद्दल दोन शब्द बोलायला मोकळी!

हॉस्विकच्या केंद्रात जुनी विणकामाची यंत्रं बघितली, चहा घेतला. शेजारच्या टेबलावर पोरांच्या वर्गाचा विषय चालला होता. शेटलंडच्या शाळांतून विणकाम शिकवायचं २०१० साली पैशांअभावी बंद झालं. मग 'पीरी मॅकर्स' नावाने गावोगावी स्वयंसेवकांनी मुलांना शिकवायला घेतलं. सत्तरच्या दशकात तेल आलं तेव्हा बायकांना पहिल्यांदा विणकामाहून बऱ्या पगाराची कामं मिळाली आणि सुया बाजूला पडल्या, त्याबद्दल कुणी हळहळताना मला दिसलं नाही. ज्यांनी पोटासाठी विणलंय त्या बायका या कामाबद्दल कमी गोडगोड बोलतात. चाळिशीतल्या एकीने सांगितलं, तिच्या आजीला विणकामाचा मनापासून कंटाळा होता, आणि आजीचीच चौकटींची वही आता नात सोन्यासारखी जपते.

संध्याकाळी बोट. खरेदी बोलू नये इतकी. समुद्र शांत असल्याने मावशी बैठकीत चौकटींची वही घेऊन बसली. छापील नमुना न वापरणारी बाई चौकटी भरतेय, म्हणून मी शेजारी सरकले. ती पैठणीचा नारळी काठ बसवत होती. खाली रुंद, वर निमुळता होत जाणारा नारळ, ओळीने. तिरक्या कडा फेअर आयलला चालतात, डावी-उजवी बाजू सारखी, सगळं ठाकठीक. अडलं ते पोटात. नारळ सर्वांत रुंद होतो तिथे एकाच रंगाचे सलग नऊ टाके येत होते.

"मागे दोरा लोंबेल," मी म्हटलं.

"कळतंय मला."

तिने खोडलं, नारळ बारीक केला. तो मिरचीसारखा दिसायला लागला. पुन्हा खोडलं. मग नऊ टाक्यांच्या बरोबर मधल्या चौकटीत दुसऱ्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे मागचा दोरा मध्येच अडकतो. एका ओळीत एक, तिच्या वरच्या ओळीत दोन.

"हे काय?"

"नारळाला डोळे असतातच," मावशी म्हणाली. "तीन."

समोर बसलेल्या बाईने वहीकडे बोट करून विचारलं, हे काय. "कोकोनट," मावशीने सांगितलं. बाईने विचारून फोटो घेतला. मावशीने आनंदाने घेऊ दिला आणि माझ्याकडून तिला बजावायला लावलं की काठ खालून वरच विणायचा. उलटा विणला तर भोवरा होईल, मग माझं नाव सांगू नकोस.